धाप थांबल्याशिवाय सायकलवर बसू नका

वाचकाचं पत्र (मे 2021, कोविडच्या दुसऱ्या लाटेतल्या टाळेबंदीत आलेलं) :

नमस्कार. मी कोल्हापूरला राहते, वय 37. चार वर्षं रंकाळ्याभोवती पळतेय, दोन वर्षांपूर्वी पोहायला शिकले आणि यंदा डिसेंबरमधल्या ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनला नाव घातलंय. दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल, 10 किलोमीटर धावणं. एप्रिलच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद झालं. त्यात 18 एप्रिलला मला कोविड झाला. चार दिवस ताप होता, घरीच बरी झाले. आता ठणठणीत आहे, फक्त भाजी घेऊन चार मजले चढून आले की धाप लागते. महिनाभराचा खाडा भरून काढायचाय. मैत्रिणीकडून सायकलचा ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड आणलाय, त्यावर रोज दोन तास बसायचा विचार आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी आवाजाची तक्रार केली. पोहण्याचं काय करू? पन्हाळ्याच्या बाजूला भावाच्या शेतात विहीर आहे, तिथे जाऊन पोहू का? गेल्या वर्षी जर्मनीच्या यान फ्रोडेनोने घरातल्या घरात अख्खा आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पूर्ण केला, मग मला याच्या निम्मंही का जमू नये? आणि शेवटचं. माझे चुलत सासरे मागच्या आठवड्यात कोविडने गेले. सासूबाई म्हणतात, घरात सुतक आहे आणि हिला सायकल सुचतेय. मलाही अपराधी वाटतं. मी स्वार्थी आहे का?

उत्तर :

ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. चार मजले चढल्यावर धाप लागते. रंकाळ्याला नेमाने फेऱ्या मारणाऱ्या बाईला भाजीच्या पिशवीने धाप लागत असेल, तर ती अजून ठणठणीत झालेली नाही. ताप जाऊन तीन आठवडे होऊन गेले तरी शरीर आतून आजाराशी झुंजतच असेल, किंवा नुसता अशक्तपणाही असेल. यातलं नेमकं काय आहे ते घरबसल्या ना तुम्हाला कळेल ना मला. म्हणून ट्रेनर आज भिंतीला टेकवून ठेवा आणि आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

फोनवर नुसतं "थकवा आहे" असं सांगू नका, कारण आत्ता ते प्रत्येक पेशंटकडून हेच ऐकतायत. चार मजल्यांची धाप, ती किती वेळाने बसते, छातीत दुखतं का, धडधडतं का, उभं राहिल्यावर अंधारी येते का, हे सगळं सांगा आणि आपण लांब पल्ल्याचा व्यायाम करतो हेही सांगा. ईसीजी काढायचा का, ते विचाराच. घरात ऑक्सिमीटर असेल तर बसल्या जागी आकडा बघा, मग घरातल्या घरात सहा मिनिटं सलग चाला आणि पुन्हा बघा. 94 च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, भोवळ किंवा धडधड यातलं काही असेल, तर फोनची वाट न बघता दवाखाना गाठा.

एवढं बजावण्याचं कारण हृदय. विषाणूच्या तापानंतर काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज राहते. ताप येत नाही, दुखतही नाही असंही होतं. त्या काळात जोराचा व्यायाम केला तर ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि हे खेळाडूंच्या बाबतीतही घडतं. असं थोड्या लोकांना होतं. पण आपण त्या थोड्यांत आहोत की नाही हे न तपासता ट्रेनरवर दोन तास घाम गाळणं मला मान्य नाही. पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही पुन्हा मिळवता येतात. हृदयाला इजा झाली तर ती भरून येईलच असं नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की सुरुवात हळू करायची. कोविडनंतर खेळाकडे परतण्यासाठी क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी गेल्या वर्षी एक शिडी सुचवली. लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विश्रांती, त्यानंतर कसलंही लक्षण नाही आणि कसलंही औषध नाही असे सलग सात दिवस, आणि मग पहिली पायरी. तुमचे ते सात दिवस धाप थांबेल त्या दिवसापासून मोजायचे, ताप गेला त्या दिवसापासून नाही. पहिल्या पायरीवर 15 मिनिटं चालणं किंवा अगदी हलकी सायकल, नाडी कमाल ठोक्यांच्या 70 टक्क्यांच्या आत. 220 मधून वय वजा केलं तर तुमची कमाल साधारण 183 येते, म्हणजे मिनिटाला 128 च्या वर जायचं नाही. मग 30 मिनिटं, मग 45, मग 60, आणि या सगळ्यात 80 टक्के, म्हणजे 146 ओलांडायचे नाहीत. तज्ज्ञांच्या तक्त्यात या पायऱ्या एक-दोन दिवसांच्या आहेत. त्या तुम्ही तीन-तीन दिवसांच्या करा असं मी सांगेन, कारण डिसेंबर लांब आहे आणि घाई करून हाती काही लागणार नाही.

रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. जिना चढताना पुन्हा धाप लागली तर एक पायरी खाली या. लसीचा नंबर लागला की डोस घेतल्यावर दोन दिवस फक्त चालणं.

आता फ्रोडेनोचं. 2020 च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या जिरोना गावी त्याने घरात 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल चालवून, 42.2 किलोमीटर धावून 8 तास 33 मिनिटांत आयर्नमॅन पूर्ण केला आणि त्यातून मदतनिधी उभा केला. मलाही तेव्हा फार भरून आलं होतं. पण तो 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, हवाई बेटांवरची आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा तीनदा जिंकलेला. त्याच्या घरी उलट्या प्रवाहाचा तलाव होता, म्हणजे पाणी समोरून येतं आणि माणूस जागच्या जागी पोहतो. आणि तो आजारातून उठलेला नव्हता. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र घ्या. स्पर्धा नसतानाही त्याने खेळ सोडला नाही.

या बंदीच्या काळात घरी बसून स्पर्धेची तयारी होत नाही, आणि तुम्ही ती करायला जाऊ नका. घरात करायचं ते कमावलेलं टिकवण्याचं काम. वाढवायचं बाहेर पडल्यावर. हे पटलं तर रोजच्या दोन तासांचं ओझं आपोआप उतरेल. शरीराचा स्वभाव इथे आपल्या बाजूने आहे. मिळवलेला दम टिकवायला तो मिळवताना केलेला सगळा व्यायाम लागत नाही. वेळ निम्म्याहून कमी केली तरी चालते, अट इतकीच की आठवड्यात दोनदा तरी श्वास लागेल इतक्या जोराने काम व्हायला हवं. आठवड्याचे चार-साडेचार तास तुम्हाला पुरेत. पण तो जोर शिडी पूर्ण चढून झाल्यावर, साधारण जूनच्या मध्यानंतर. तोपर्यंत पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल एवढ्याच वेगाने.

ट्रेनरवर 45 मिनिटं म्हणजे रस्त्यावरचा सव्वा तास असं सायकलवाले म्हणतात, ते बरंचसं खरं आहे. घरी उतार नाही, सिग्नल नाही, पाय एक क्षण थांबत नाहीत. सुरुवातीला दहा मिनिटं हलक्या गिअरवर. मग एक पाय पेडलवरून काढून स्टुलावर टेकवा आणि दुसऱ्या एका पायाने 30 सेकंद फिरवा. वरच्या टोकाला पेडल धक्का देतंय असं जाणवेल, तिथे तुमचा पाय नुसताच पेडलवर पडून असतो. दोन्ही पायांनी चार-चार वेळा केलंत की पंधरवड्यात धक्का कमी होईल. रस्त्यावर हा सराव करता येत नाही, म्हणून घरातल्या सायकलचा खरा फायदा मला यात दिसतो. मिनिटाला 85 ते 90 फेऱ्यांची सवयही इथेच लावून घ्या. जूनच्या मध्यानंतर यातच चार मिनिटं जोर, तीन मिनिटं हलकं, असे चार फेरे घालता येतील.

मे महिना आहे, खोलीत वारा नाही. टेबलफॅन थेट अंगावर लावा. पंख्याशिवाय नाडी उगीचच दहा-पंधरा ठोक्यांनी चढते आणि आपला दम गेला असं वाटून जीव खाली-वर होतो. हँडलवर आणि पुढच्या नळीवर जुना टॉवेल टाका, घामाचं मीठ स्क्रू आणि बेअरिंग गंजवतं. व्यायामाआधी आणि नंतर वजन करून बघा, एक किलो उतरलं तर एक लिटर पाणी कमी पडलं. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी पुरेसं आहे, महागड्या पुड्या मागवायच्या भानगडीत पडू नका.

काकूंची तक्रार रास्त आहे. त्यांना चाकाचा आवाज नाही, फरशीतून जाणारी घरघर ऐकू येते, आणि ती तुम्हाला वर बसून कळत नाही. ट्रेनर खोलीच्या मध्यातून काढून कोपऱ्यात, भिंतीलगत न्या. तिथे फरशी कमी थरथरते. खाली जुनी सतरंजी चार पदरी, तिच्यावर रबरी पायपुसणी किंवा योगा मॅट. मागच्या टायरमधली हवा नीट भरा, मऊ टायर जास्त घरघरतं. मग खाली जाऊन, मास्क लावून, दाराबाहेर उभं राहून काकूंना विचारा, कुठली वेळ चालेल? सकाळी साडेसात ते सव्वाआठ म्हणाल्या तर तीच वेळ धरा. त्यांच्या घरीही कोणी आजारी असेल, दुपारी कोणाला झोप हवी असेल.

पळण्यासाठी गच्ची. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी, आणि गच्चीवर दुसरं कोणी नसेल अशी वेळ. कोबा किंवा फरशी टणक असते आणि फेरी लहान, त्यामुळे एकाच बाजूला सारखं वळून आतल्या पायाचा घोटा आणि गुडघा बोलायला लागतो. म्हणून गोल पळू नका, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पळा, म्हणजे डावं-उजवं वळण आपोआप सारखं होईल. पाण्याच्या टाकीचे पाइप कुठून गेलेत ते पहिल्या दिवशी चालून बघून घ्या. 20 ते 25 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बूट घालूनच. गेल्या वर्षी फ्रान्समध्ये एकाने सात मीटरच्या बाल्कनीत अख्खी मॅरेथॉन पळून काढली, ती बातमी वाचून आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी गच्चीवर 21 किलोमीटरचे विक्रम केले. त्यातल्या कितीतरी जणांच्या नडग्या नंतर दोन-दोन महिने दुखत होत्या. जिना सध्या नकोच. तो सगळ्यांचा आहे, हवा कोंडलेली असते, आणि तुमची धाप तिथेच लागतेय.

ताकदीचं कोल्हापूरकरांना मी काय सांगणार? तुमच्या पेठापेठांतल्या तालमींत जे पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तेच करा. जोर मारताना शरीर पुढे जाऊन वर येतं, तेव्हा दंडाच्या मागचा जो स्नायू आवळतो, तोच पोहताना हात मांडीपर्यंत मागे ढकलतो. दहा जोर, सावकाश, तीन वेळा. बैठका मात्र पैलवानांच्या हिशोबाने काढू नका. सायकल आणि धावण्याने तुमचा गुडघा आधीच राबतोय, त्याला वीस पुरेत, टाच न उचलता, खाली जाताना तीन आकडे मोजत.

पोहण्याचं नुकसान होणार, हे मान्य करून टाका. पाण्याची जाण पाण्यातच येते आणि ती सगळ्यात आधी जाते. खांदा आणि घोटा मात्र घरी सांभाळता येतो. दुकानं बंद आहेत, व्यायामाचा रबरी बँड मिळणार नाही, पण सायकलची पंक्चर झालेली जुनी ट्यूब घरात असेलच. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, उरलेल्या लांब पट्टीचा मधला भाग खिडकीच्या ग्रीलला कमरेच्या उंचीवर अडकवा, दोन टोकांना गाठी मारून मुठीत धरा. दोन पावलं मागे सरका आणि कमरेतून पुढे वाका, पाठ सरळ, नजर फरशीकडे. आता हात समोर लांब करा आणि आधी फक्त मनगट व कोपराखालचा भाग खाली वळवा. कोपर आहे तिथेच, वर. इथे बहुतेकांचं चुकतं, कोपर खाली पडतं आणि ओढ नुसती खांद्याने येते. कोपर वर राहिलं तर काखेच्या मागे पाठीचा रुंद स्नायू आवळलेला जाणवेल. तो जाणवला की मगच हात मांडीपर्यंत मागे न्या. आरशासमोर ग्रील असेल तर उत्तम, नाहीतर घरातल्या कोणाला मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा. 15 ओढी, एक मिनिट विश्रांती, चार वेळा, दिवसाआड. ट्यूब तुटली तर थेट तोंडावर येते, म्हणून दर वेळी आधी तिच्यावर चिरा पडल्यात का ते बघा.

घोट्यासाठी रोज पाच मिनिटं वज्रासन. पाय मारताना पाऊल मागे सरळ ताणलेलं लागतं, आणि पळणाऱ्यांचे घोटे इतके आखडलेले असतात की पाऊल पाण्यात ब्रेकसारखं उभं राहतं. बादलीत किंवा पिंपात तोंड बुडवून श्वास रोखायचे प्रकार मात्र अजिबात करू नका, आजारानंतर तर नाहीच.

आणि विहीर? नाही, ताई. कोल्हापूरच्या किती पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या ते मला ठाऊक आहे, मला त्याचा अभिमानही आहे. पण मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, एरवी बुडालेले दगड आणि कपारी वर येतात, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. धाप लागणाऱ्या माणसाने तिथे उतरायचं, आणि वर काढायला कोण? भाऊ पोहणारा असला तरी चार-पाच माणसांएवढ्या उंच काठावरून तो तुम्हाला कसा ओढून काढेल याचा विचार करा, आणि आज ॲम्ब्युलन्स कधी येईल याचाही. शिवाय 14 एप्रिलच्या रात्रीपासून सबळ कारणाशिवाय बाहेर पडायला मनाई आहे, आणि गावात वयस्कर माणसं आहेत. विहिरीत सलग सरळ पोहताही येत नाही, चार हात मारले की भिंत. जोखीम मोठी आणि सरावाच्या नावाने काहीच नाही.

आता सासूबाईंचं. तुमचे जे चुलत सासरे गेले ते त्यांचे दीर लागत असतील, आणि आज तर अंत्यदर्शनही धड मिळत नाही, चार माणसं जमून रडताही येत नाही. त्यांच्या त्या बोलण्यात सायकलीवरचा राग कमी आणि दुःख जास्त आहे असं मला वाटतं. सुतक संपेपर्यंत ट्रेनर काढूच नका. तुमच्या तब्येतीलाही तेवढे दिवस हवेच आहेत. त्या वेळात त्यांच्याजवळ बसा, गेलेल्या माणसाबद्दल त्यांना बोलू द्या. तेरावं झाल्यावर त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगा, आणि पहिली 15 मिनिटं चालायची आहेत ती त्यांना सोबत घेऊन गच्चीवर चाला. वेग त्यांचा धरा, तुमच्या पहिल्या पायरीला तो बरोबर लागू पडेल.

तुम्ही स्वार्थी नाही. तुम्ही घरात राहून, नियम पाळून, कोणाचा बेड किंवा कोणाचा श्वास न अडवता स्वतःचं शरीर सांभाळताय. आजूबाजूला माणसं जात असताना व्यायाम करावासा वाटणं यात गेलेल्यांचा अपमान नाही. अपराधी वाटतं ते तुमचं मन जिवंत आहे म्हणून, आणि त्याला काहीतरी करायला द्या. शेजारी कोणी विलगीकरणात असेल तर दोन वेळचा डबा दाराशी ठेवा. डॉक्टर हो म्हणाले आणि नियमांत बसत असेल, तर पुढे रक्तदानही करा.

डिसेंबरचं नाव आत्ताच मागे घेऊ नका. तलाव उघडतील त्या दिवसापासून स्पर्धेपर्यंत किमान दहा आठवडे पाण्यात मिळायला हवेत, त्यातले शेवटचे चार उघड्या पाण्यात, सोबत होडी किंवा जाणते पोहणारे असताना. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस हिशोब करा. तेवढे आठवडे मिळत नसतील तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का ते आयोजकांना विचारा, आणि हिवाळ्यात कुठे ड्युएथलॉन होत असेल तर तिथे उतरा. पळणं, सायकल, पुन्हा पळणं. त्याची तयारी गच्ची आणि ट्रेनरवर नक्की होते. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, ईसीजी निघाला असेल तर तेही. त्यानंतर जूनचे चार आठवडे आपण मिळून आखू.